वणवा विझवताना बिबट्याला वाट द्या

फेब्रुवारीत गवत वाळलं की नाशिक जिल्ह्यातल्या अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात वणव्यामागची धावपळ सुरू होते, ती पहिला पाऊस पडेपर्यंत. याच डोंगरांत बिबट्याचा वावर आहे. आगीतून बाहेर पडणारा बिबट्या माणसावर चालून आलेला नसतो, तो वाट शोधत असतो. त्या वाटेत माणूस आडवा आला की अपघात होतो. कामाची आखणी करतानाच एवढं धरून चला.

आग चढाला जोरात धावते. जनावरं मग बाजूला फुटतात किंवा घळीने खाली पाण्याकडे उतरतात. म्हणून घळीच्या तोंडाशी माणसं उभी करू नका. घळ धुराड्यासारखी असते, खालून आग शिरली की धूर आणि ज्वाळा तिथूनच वर ओढल्या जातात, तेव्हा आगीच्या हिशेबानेही ती जागा वाईटच. दोन टोळ्या करा, आगीच्या दोन कडांना लावा आणि जळून गेलेल्या बाजूला पाय ठेवून पुढे सरका. चारही बाजूंनी कडं कधीच करू नका. गावातून माणसं धावून आलेली असतात, रिकामी जागा दिसली की जो तो ती भरतो, आणि नेमकं तिथे चुकतं. कोणती बाजू मोकळी ठेवायची ते टोळीच्या प्रमुखाने आधीच हात दाखवून सांगावं.

ब्लोअर, म्हणजे वाऱ्याच्या झोताने आग विझवायचं पेट्रोलवरचं मशीन, पाठीवर सुरू असला की शेजारच्याची हाकही ऐकू येत नाही, गुरगुरणं तर लांबच राहिलं. दोन ब्लोअरमागे एक माणूस पंधरा-वीस पावलं मागे ठेवा, नुसता बघायला. त्याच्या गळ्यात शिट्टी हवी: एक लांब शिट्टी म्हणजे मशीन बंद, तीन छोट्या म्हणजे सगळे एकत्र. डोंगर चढण्याआधी दोन्ही वाजवून दाखवा. पेट्रोल भरायला एकट्याने झुडपाआड जाऊ नका. जळून थंड झालेल्या उघड्या जागेत, मशीन बंद करून पाच-दहा मिनिटं निवू द्या आणि जोडीदार उभा असताना भरा.

आग विझल्यावर धुमसते ओंडके शोधताना राखेकडे नजर ठेवा. राखेत ठसा आहे म्हणजे जनावर आगीनंतर तिथून गेलंय. ठसा गोलसर, चार बोटांचा आणि नखांची खूण नसलेला असेल तर बिबट्या धरा. कुत्रा आणि तरसाच्या ठशात नखं उमटतात. वाऱ्याने राखेच्या कडा लवकर ढासळतात. त्या अजून धारदार दिसल्या तर काम थांबवा, सगळ्यांना एकत्र आणा आणि वरच्या कपारींवर बॅटरी मारून बघा.

समोरासमोर आलात तर पळू नका, वाकू नका, खाली बसू नका. ताठ उभे राहा, हातातली डहाळी डोक्यावर धरा, मोठ्या आवाजात बोला आणि तोंड त्याच्याकडेच ठेवून मागे सरका. त्याच्या मागे कडा किंवा आग असेल तर तुम्हीच बाजूला व्हा. दगड मारायचा नाही. अंगावर आलाच तर मान झाका आणि हाती लागेल त्याने तोंडावर मारा. मशाल, फटाके तर मुळीच नकोत. बिबट्याला हुसकावायला लावलेल्या फटाक्याची ठिणगी वाळल्या गवतात पडली की दुसरा वणवा पेटलाच.

रात्री मुक्काम पडला तर पाड्यावरून मागे आलेली कुत्री आधी परत पाठवा. कुत्रं सोबतीला बरं वाटतं, पण बिबट्याचं ते आवडतं भक्ष्य आहे, आणि ते झोपतं तुमच्या पायाशी. गाडीत झोपा किंवा भिंतीच्या आडोशाला. शौचाला दोघांनी जा, बॅटरी आणि काठी घेऊन. अंधारात उकिडवा बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा दिसतो.

निफाड, सिन्नर, दिंडोरी किंवा दारणाकाठच्या उसाला आग लागली तर आत पिल्लं असू शकतात हे गृहीत धरा. फडाची एक बाजू माणसांपासून मोकळी ठेवा. पिल्लं दिसली तर हात लावू नका, फोटोसाठी गर्दी करू नका, वन विभागाला 1926 वर कळवा. आग त्या बाजूला सरकत असेल तर पिल्लांभोवतीचा पाला ओढून पट्टा मोकळा करा आणि पाणी मारा. आई जवळपासच असते, हे विसरून तिथे रेंगाळू नका.

मेळघाटाकडे मदतीला गेलात तर गाठ अस्वलाशी आहे, आणि नियम बदलतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, वणवा तिथूनच पसरतो. पहाटे त्याच झाडाखाली अस्वलही येतं. खाण्यात गुंतलं की त्याला चाहूल लागत नाही, दचकलं की थेट अंगावर येतं. म्हणून बोलत, काठी आपटत जा. झाडावर चढून उपयोग नाही, तेही चढतं. हल्ला झालाच तर पालथे पडा, हात मानेमागे गुंफा, चेहरा जमिनीत दाबा. अस्वल डोकं आणि चेहराच फोडतं.

नख लागलं किंवा दात, जखम लहान असली तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, माती काही भरू नका. रक्त जोरात वाहत असेल तर आधी स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरा. त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात रेबीजची लस, जखमेत द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धची तयार प्रतिकारद्रव्यं) आणि धनुर्वाताचं इंजेक्शन मागून घ्या, आणि लसीच्या पुढच्या तारखा कागदावर लिहून घेतल्याशिवाय तिथून निघू नका.