मुलांसाठी सोने साठवताना

गुरुपुष्यामृताला एक ग्रॅमचे वेढणे (शुद्ध सोन्याचे साधे वळे) घ्यायचे आणि सराफाच्या गुलाबी कागदासकट कपाटातल्या डब्यात ठेवायचे, ही रीत अनेक मराठी घरांत आजही चालू आहे. मुलांच्या शिक्षणासाठी किंवा लग्नासाठी सोने साठवायचे असेल, तर मला दागिन्यांपेक्षा ही रीत शहाणपणाची वाटते, कारण तिच्यात घडणावळीवर फारसे काही खर्च होत नाही.

हिशेब मांडून पाहावा. समजा, बांगड्यांत एक लाख रुपयांचे सोने आहे. त्यावर 12 टक्के घडणावळ आणि एकूण रकमेवर 3 टक्के जीएसटी धरला, तर बिल 1,15,360 रुपयांचे होते. बांगड्या मोडायला नेल्या की घडणावळ आणि कर परत मिळत नाहीत, शिवाय घट कापली जाते ती वेगळीच. म्हणजे भाव 15 टक्क्यांहून अधिक चढेपर्यंत आपण तोट्यातच असतो. हौसेसाठी दागिना जरूर घ्यावा, पण तो मुलांच्या तरतुदीत धरू नये.

सगळी तरतूद सोन्यात करणेही बरे नव्हे. सोन्यावर व्याज मिळत नाही आणि भाव पडला की तो वर्षानुवर्षे पडून राहू शकतो: जानेवारी 1980 मध्ये आंतरराष्ट्रीय बाजारात औंसाला 850 डॉलरपर्यंत गेलेला भाव पुन्हा त्या पातळीला यायला 2008 उजाडले. म्हणून एकूण बचतीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास सोने असावे, ते एकदम न घेता दरवर्षी थोडेथोडे घ्यावे आणि पैसे लागण्याच्या दोन-तीन वर्षे आधीपासून चांगला भाव पाहून टप्प्याटप्प्याने विकायला लागावे, असे माझे मत आहे. चांदीचे भाव सोन्यापेक्षा अधिक हेलकावे खातात आणि ती जागाही फार अडवते. तिचा वाटा लहानच ठेवावा.

दागिना घेतलाच, तर त्यावरचा सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी (हॉलमार्क केलेल्या दागिन्याचा ओळख क्रमांक) 'बीआयएस केअर' ॲपवर दुकानातच तपासावा. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे वेढणे घेताना शुद्धता (हजारात 995 भाग सोने की 999) आणि वजन बिलावर लिहून घ्यावे, आणि परत घेताना पेढी किती घट धरते हे आधीच विचारावे. बँका नाणी विकतात, पण परत विकत घेत नाहीत.

घरात किंवा लॉकरमध्ये सोने ठेवायची धास्ती वाटत असेल, तर गोल्ड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात घेता-विकता येणारे सोन्याच्या फंडाचे युनिट, हा सरळ मार्ग आहे. ही युनिट ज्यात ठेवतात ते डिमॅट खाते पालकांच्या देखरेखीखाली अज्ञान (अठरा वर्षांखालील) मुलाच्या नावाने उघडता येते. सरकारी सुवर्ण रोख्यांची विक्री फेब्रुवारी 2024 नंतर झालेली नाही, जुने रोखे मात्र शेअर बाजारात मिळतात. मोबाइलवर विकले जाणारे 'डिजिटल गोल्ड' आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा सेबीने (शेअर बाजाराच्या नियामक संस्थेने) नोव्हेंबर 2025 मध्ये दिला आहे. मुलांचा पैसा मी तरी तिथे ठेवणार नाही.

खाते मुलाच्या नावाने असले, तरी तो अज्ञान असेपर्यंत विक्रीवरचा नफा आई-वडिलांपैकी ज्याचे उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरला जातो. अठरा वर्षे पूर्ण होताच केवायसी नव्याने करावे लागते, अन्यथा व्यवहार अडकतात. खरेदीची तारीख, वजन, भाव आणि बिल क्रमांक एका वहीत लिहून ती वही कुठे आहे हे घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवावे.