ओव्हनचं टेम्परेचर चुकतंय? सेन्सर बदलायच्या आधी हे बघा

दिवाळीच्या तोंडावर नानकटाईच्या ऑर्डरी अंगावर असताना माझा ओव्हन बिघडला. म्हणजे सरळ बंद पडला असता तर परवडलं असतं, पण तो मस्त चालू, डिस्प्लेवर १६० दाखवतोय आणि नानकटाया खालून काळ्या. इलेक्ट्रिशियन आला, बघितल्या न बघितल्यासारखं केलं, 'मॅडम, सेन्सर गेला' म्हणाला, नवीन टाकून पैसे घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मग मी स्वतःच मल्टिमीटर घेऊन बसले, त्यात दोन दिवस गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून लिहितेय.

आधी एक सांगते, हे सगळं डेक ओव्हनबद्दल आहे, घरगुती बेकरीवाल्यांकडे असतो तो, पुढे डिजिटल कंट्रोलर आणि आत थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर. साध्या नॉबवाल्या ओटीजीत, म्हणजे छोट्या घरगुती ओव्हनमध्ये, थर्मोकपल नसतो, तिथला थर्मोस्टॅट वेगळा प्रकार आहे. आणि कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल तर प्लीज उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो.

डेक ओव्हनचंही कव्हर काढायच्या आधी एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा त्या लाइनचा मेन स्विच, पाडायचा, नुसतं पुढचं बटण बंद करून चालत नाही, टेस्टर लावून खात्री करायची. कंट्रोलरच्या मागे सेन्सरच्या बारीक तारांच्या शेजारीच २३० व्होल्टचे स्क्रू असतात. कुठला स्क्रू कशाचा ते कंट्रोलरवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आता सुरुवात. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर मिळतो तो घ्या, मधोमध ठेवा, १८० ला सेट करा आणि किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. हीटर चालू-बंद होत असतो त्यामुळे आकडा थोडा वरखाली होणारच, पाच-सात डिग्रीसाठी जिवाला त्रास करून घेऊ नका. वीस-तीसचा फरक आला तर पुढे वाचा. आणि हो, डिस्प्लेवरचाच आकडा १८० च्या पुढे २२०, २४० असा चढत चालला असेल तर सेन्सर बिचारा खरं बोलतोय, तुमचा कॉन्टॅक्टर किंवा रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा आतला स्विच, चिकटलाय आणि हीटर बंदच होत नाहीये. एमसीबी पाडा आणि माणूस बोलवा.

डिस्प्लेवर 'ओपन' किंवा नुसत्या रेघा येत असतील तर ते सगळ्यात सोपं, कुठेतरी तार तुटलीय किंवा स्क्रू सैल झालाय. सेन्सरच्या दोन्ही तारा कंट्रोलरवरून सोडवा आणि मल्टिमीटर ओहमवर ठेवून बघा, धड असेल तर थोडेच ओहम दाखवेल, काहीच दाखवत नसेल तर तुटलाय, बदला, विषय संपला. एक तार आणि सेन्सरची स्टीलची नळी यांच्यात मल्टिमीटर लावल्यावर बीप वाजला तर मात्र लगेच घाबरू नका, काही थर्मोकपल बनवतानाच तसे जोडलेले असतात.

कंट्रोलरवर संशय असेल तर एक भारी ट्रिक आहे. एमसीबी बंद असताना सेन्सर काढून त्याच दोन स्क्रूंमध्ये, फक्त त्याच दोन, साध्या वायरचा छोटा तुकडा लावायचा आणि चालू करून लांबून डिस्प्ले बघायचा. खोलीचं तापमान दाखवलं, समजा २८-३०, तर कंट्रोलर ठीक. वाट्टेल ते दाखवत असेल तर गडबड कंट्रोलरमध्येच. बघून झालं की बंद करून तुकडा काढायला विसरू नका, कारण तो तसाच राहिला तर कंट्रोलरला ओव्हन कायम थंडच वाटेल आणि हीटर तापवतच राहील.

ओव्हन तापतोय आणि आकडा उलटा खाली येतोय असं दिसलं तर तारा उलट्या लागल्यात. इथे बहुतेक सगळे फसतात, कारण आपल्याला लाल म्हणजे प्लस अशी सवय, आणि अमेरिकन रंगपद्धतीच्या थर्मोकपलमध्ये लाल तार मायनस असते. रंगावर विश्वास ठेवण्यापेक्षा चुंबक घ्या, फ्रिजवरचा पण चालेल. थर्मोकपलचे के आणि जे असे टाइप असतात, तारांचे धातू वेगळे. के टाइपमध्ये मायनसची तार चुंबकाला हलकीशी ओढली जाते, जे टाइपमध्ये प्लसची तार लोखंडाची असते त्यामुळे ती जोरात चिकटते. सेन्सर कुठल्या टाइपचा आहे याचाही अंदाज तिथेच येतो.

टाइपचा घोळ खरंच मोठा असतो. कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जे की के ते निवडावं लागतं. ते जे वर असेल आणि सेन्सर के असेल तर आत खरे २०० असताना डिस्प्ले १६० च्या आसपास दाखवतो, म्हणजे तुम्ही १६० ची नानकटाई २०० ला भाजताय. उलटं असेल तर २०० चे अडीचशेच्या वर दिसतात आणि केक तासभर कच्चाच.

माझ्याकडे हे सगळं बरोबर होतं. मग पाण्याची टेस्ट केली, थंड ओव्हनमधून सेन्सर बाहेर ओढला, तारा जोडलेल्याच ठेवल्या आणि टोक शेगडीवरच्या उकळत्या पाण्यात धरलं. पुण्यात पाणी ९८ च्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला आणखी दोन-अडीच डिग्री आधीच, त्यामुळे शंभरच यायला हवेत असा हट्ट नको. माझा ९७ दाखवत होता. म्हणजे सेन्सर ठीक, कंट्रोलर ठीक, आणि नानकटाई जळकी!

शेवटी उत्तर सापडलं ते वहीत. मी बॅचची नोंद ठेवते, त्यात दिसलं की सकाळची पहिली बॅच रोज छान येते, दुसरी थोडी जास्त भाजलेली आणि तिसऱ्यापासून काळी. सेन्सर गेलेला असता तर पहिलीला का सोडलं असतं त्याने?

इथे थर्मोकपल कसा चालतो ते थोडक्यात सांगावं लागेल. दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला जोडलेल्या असतात आणि टोक तापलं की इवलासा व्होल्टेज तयार होतो, के टाइपला २०० डिग्रीला साधारण ८ मिलिव्होल्ट. पण तो खरं तर टोकाचं तापमान सांगत नाही, गरम टोक आणि त्या तारा जिथे संपतात ते टोक यातला फरक सांगतो. कंट्रोलर त्यात स्वतःच्या मागच्या स्क्रूपाशी असलेलं तापमान मिळवतो आणि डिस्प्लेवर दाखवतो. म्हणजे त्या खास तारा थेट कंट्रोलरपर्यंत जायला पाहिजेत.

माझ्या ओव्हनचं मागचं कव्हर काढलं तर सेन्सरची तार वीतभर येऊन संपलेली, पुढे साधी तांब्याची वायर पिळून जोडलेली आणि वर काळी टेप, ती पण उष्णतेने चिकट होऊन ओघळलेली. कधीतरी आधीच्या दुरुस्तीत कोणीतरी केलेला जॉइंट, आणि नवीन सेन्सरही त्याच वायरला तसाच पिळून दिलेला. हा जॉइंट गरम भिंतीला लागूनच. तासाभरात तो ६५ ला जायचा, कंट्रोलर पुढे ३५ ला बसलेला, झाले तीस डिग्री गायब. डिस्प्ले १६०, आत १९०. सकाळी जॉइंट थंड म्हणून पहिली बॅच बरोबर, आणि पाण्याच्या टेस्टलाही ओव्हन थंडच होता म्हणून ती पास.

उपाय दोनच, एकतर कंट्रोलरपर्यंत पोचेल एवढ्या लांब तारेचा सेन्सर घ्यायचा, नाहीतर त्याच टाइपची कॉम्पेन्सेटिंग केबल, म्हणजे थर्मोकपलच्या तारांसारखंच काम करणारी खास वायर, जोडायची, प्लसला प्लस. दुकानात याच नावाने मागा, नुसती 'सेन्सरची वायर' म्हणालात तर काहीही हातात पडेल. मी लांब तारेचा सेन्सर टाकला, जॉइंटची भानगडच नको. बसवताना टोक भिंतीच्या आत दडलं नाही ना ते बघा, चांगलं चार-पाच सेंटीमीटर आत पोकळीत यायला हवं, पण ट्रेला किंवा हीटरला टेकायला नको.

कंट्रोलरमध्ये ऑफसेट नावाचं सेटिंग असतं, दिसणाऱ्या आकड्यात ठरावीक डिग्री मिळवणारं, मलाही एकाने 'तीस टाकून मोकळ्या व्हा' असा सल्ला दिला होता. फरक १५० ला आणि २०० ला, सकाळी आणि संध्याकाळी तेवढाच राहत असेल तरच ते वापरा. माझ्यासारखा वाढत जाणारा फरक असताना ऑफसेट टाकला असता तर तिसरी बॅच सुधारली असती आणि पहिली पांढरीफटक राहिली असती.

इलेक्ट्रिशियनने 'गेलेला' म्हणून काढलेला पहिला सेन्सर मी टाकला नव्हता. नंतर तोही पाण्यात बुडवून बघितला, ९८. आता डब्यात ठेवलाय, स्पेअर म्हणून.