दोन फोन समोरासमोर ठेवून तुलना करताय? या चुका टाळा

मला येणारे मेसेज बहुतेक एकाच साच्यातले असतात. दोन फोनांच्या स्पेसिफिकेशनचा तक्ता, आणि खाली एक ओळ: "यातला कुठला घेऊ? लवकर सांग." ज्या रकान्यात आकडे मोठे तो फोन चांगला, हे पाठवणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. तो मी देत नाही, म्हणून काही जण रागावतात. आणि दोन महिन्यांनी त्यातलेच काही परत येतात: फोन तापतो, हातात मावत नाही, संध्याकाळी फोटो धूसर येतात. यातलं एकही उत्तर त्या तक्त्यात नव्हतं. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदा लिहून काढतेय.

बॅटरीची परीक्षा, पण दोन फोनांत दोन वेगळी सिम

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिची किंमत माझ्या धाकट्या बहिणीने मोजली.

आम्ही दोन फोन मागवले होते. एक ठेवायचा, एक मुदतीत परत करायचा. मी दोन्ही पाच दिवस वापरले. एकात माझं नेहमीचं सिम, दुसऱ्यात ड्रॉवरमध्ये पडलेलं दुसऱ्या कंपनीचं जुनं सिम. रोज रात्री नऊला दोन्हींची टक्केवारी वहीत लिहायची. पहिला फोन चाळिशीच्या आसपास उरायचा, दुसरा दहा-बाराला टेकलेला. पाचही दिवस हेच. बहिणीला दुसरा फोन आवडला होता, तिच्या छोट्या हातात तो छान बसायचा. पण माझ्याकडे वहीत पाच दिवसांचे आकडे होते. "बॅटरीला कच्चा आहे, नको घेऊस," असं मी ठामपणे सांगितलं आणि तो फोन परत गेला.

ते जुनं सिम चालू ठेवायचं म्हणून मी माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत घातलं आणि काही दिवस डेटाही त्यावरूनच वापरला. दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी सात वाजता माझा फोन पंधरा टक्क्यांवर आला. बॅटरीच्या सेटिंगमध्ये पाहिलं तर मोबाइल नेटवर्क सगळ्यात वरच्या ओळीत होतं. मी दिवसभर ज्या खोलीत बसते तिथे त्या कंपनीची रेंज जेमतेम एक दांडी. रेंज कमी असली की टॉवरपर्यंत पोचायला फोन जास्त ताकद लावतो, सिग्नल पुन्हा पुन्हा शोधतो, आणि हे सगळं बॅटरीतून जातं. पाच दिवस मी फोनांची नाही, दोन मोबाइल कंपन्यांची तुलना करत होते. बहिणीने पुढची दोन वर्षं तो पहिला, मोठा फोन दोन्ही हातांनी धरून वापरला.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. दोन्ही फोनांत एकाच कंपनीची सिम. ते शक्य नसेल तर रोज सकाळी सिमची अदलाबदल, म्हणजे चांगली आणि वाईट रेंज दोघांच्या वाट्याला सारखी येते. तेही जमत नसेल तर दोन्ही फोन सिमशिवाय, एकाच वाय-फायवर.

ब्राइटनेसही जुळवून घ्यावा लागतो आणि इथे बहुतेक जण फसतात. दोन्हींची पट्टी निम्म्यावर ठेवली म्हणजे दोन्ही पडदे सारखेच उजळतात असं नाही. एकाचा निम्मा दुसऱ्याच्या पाऊण भागाएवढा असू शकतो. मी ऑटो ब्राइटनेस बंद करते, दोन्हींवर एकच कोरं पांढरं पान उघडते, फोन शेजारी ठेवते आणि डोळ्यांना सारखे दिसेपर्यंत पट्टी सरकवते. रिफ्रेश रेट, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा नव्याने रंगतो तो आकडा, तोही सारखा ठेवते. एक १२० हर्ट्झवर आणि दुसरा ६० वर असेल तर त्या निकालाला अर्थ नाही.

आणि पहिले तीन-चार दिवस मोजूच नका. नवा फोन सुरू केला की बॅकअप उतरत असतो, अॅप अपडेट होत असतात, गॅलरीतले हजारो फोटो वर्गवार लावले जात असतात. तो आतल्या आत राबत असतो. सकाळी खोका फोडून संध्याकाळी "बॅटरी बेकार" असा निकाल देणाऱ्यांचं मी ऐकतच नाही.

एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचा आकडा. त्याबद्दल एवढंच: आयफोन १३ ची बॅटरी जेमतेम सव्वातीन हजार एमएएचची होती, तरी पाच हजारवाल्या बऱ्याच फोनांच्या बरोबरीने तो दिवस काढायचा. चिप, पडदा आणि सॉफ्टवेअर किती खातात हे त्या आकड्यात नसतं. चार्जरच्या वॉटचंही तसंच. खोक्यावरचा वॉट हा थोड्या वेळापुरता गाठलेला कमाल आकडा असतो, आणि शेवटचे वीस टक्के जवळजवळ सगळेच फोन हळू भरतात. वॉट बघू नका, शून्यापासून शंभरपर्यंत घड्याळ लावा.

पडद्याच्या इंचांवरून आकार ठरवणं

"साडेसहा इंची नको, मोठा होतो," असं म्हणणाऱ्याला मी विचारते, रुंदी किती? उत्तर येत नाही. इंच म्हणजे पडद्याचा कर्ण, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं अंतर. पडदा उंच आणि अरुंद झाला की कर्ण वाढतो, मुठीला मात्र फरक पडत नाही.

आयफोन ८ प्लसचा पडदा ५.५ इंचांचा आणि फोनची रुंदी ७८.१ मिलिमीटर. सॅमसंगच्या गॅलक्सी एस२० चा पडदा ६.२ इंचांचा, पण रुंदी ६९.१ मिलिमीटर. इंच जास्त असलेला फोन नऊ मिलिमीटरने अरुंद! कडेची जागा घटली हे एक कारण, आणि पडद्याचं प्रमाण १६:९ वरून २०:९ वर गेलं हे दुसरं. कुठलीही कड न धरता नुसता पडदा मोजला, तरी २०:९ चा साडेसहा इंची पडदा १६:९ च्या साडेपाच इंचीपेक्षा किंचित अरुंदच भरतो.

एका हाताने फोन वापरणाऱ्याने आधी रुंदी बघावी, मग वजन, आणि इंच सगळ्यात शेवटी. माझ्याकडे याचा साधा उपाय आहे. दोन्ही फोनांची लांबी-रुंदी घेऊन जुन्या वहीच्या पुठ्ठ्याचे दोन तुकडे कापायचे. जाडी येईपर्यंत थर चिकटवायचे. मग तो तुकडा मुठीत धरून अंगठा विरुद्ध बाजूच्या वरच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करायला सांगितलं की लोकांना कमीपणा वाटतो. फोन आल्यावर मात्र रोज शंभर वेळा तोच अंगठा ताणावा लागतो.

वजनाचा अंदाज कागदावरून येत नाही. गॅलक्सी एस२० १६३ ग्रॅमचा आणि आयफोन १४ प्रो मॅक्स २४० ग्रॅमचा. सत्त्याहत्तर ग्रॅमचा फरक वाचताना किरकोळ वाटतो. तोच फोन आडवं पडून वीस मिनिटं डोळ्यांसमोर धरा, करंगळीच्या मुळाशी फरक कळतो. हातात फोन मिळाला की मी दोन मिनिटांत खाली ठेवत नाही. पूर्ण दहा मिनिटं धरते, एक लांबलचक मेसेज मराठीत टाइप करते, आणि कडा तळहाताला टोचतात का ते बघते. सपाट कडांचे फोन दिसायला देखणे असतात, पण जड असले तर पाचव्या मिनिटाला टोचायला लागतात. मग फोन टेबलावर ठेवून टाइप करून बघते. कॅमेऱ्याचा उंचवटा एका कोपऱ्यात असला की फोन डुगडुगतो. आणि हे सगळं कव्हर घालून, कारण घरी आल्यावर तुम्ही कव्हर घालणारच आहात.

बेंचमार्कचा एक आकडा घेऊन भांडणं

बेंचमार्क म्हणजे फोनचा वेग मोजून त्याला गुण देणारी चाचणी. २०२२ च्या मार्चमध्ये काय झालं ते आठवा. सॅमसंगच्या फोनांतली गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस कितीतरी अॅपचा वेग आवरत होती, पण बेंचमार्कच्या अॅपना हात लावत नव्हती. हे उघड झाल्यावर गीकबेंच या बेंचमार्कवाल्यांनी गॅलक्सी एस१० पासून एस२२ पर्यंतच्या मालिका आपल्या यादीतून काढल्या. त्याआधी २०१८ मध्ये थ्रीडीमार्क या दुसऱ्या बेंचमार्कवाल्यांनी ह्युआवेचे काही फोन अशाच कारणाने यादीबाहेर केले होते. म्हणजे परीक्षा ओळखून तेवढ्यापुरता धावणारा फोन ही ऐकीव गोष्ट नाही. एका आकड्यावरून रात्र-रात्र वाद घालणाऱ्यांनी निदान एवढं तरी लक्षात ठेवावं.

आकडा खरा असला तरी तो पहिल्या काही मिनिटांचा असतो. चिप तापली की फोन स्वतःच वेग कमी करतो. म्हणून मी तीच चाचणी पंधरा-वीस मिनिटं सलग चालवते आणि शेवटचा आकडा धरते, पहिला नाही. दोन्ही फोन एकाच टेबलावर, दोन्ही कव्हरशिवाय, दोन्ही चार्जरविना. एक उशीवर आणि दुसरा फरशीवर असेल तर फरशीवालाच जिंकणार. त्याहून सोपी परीक्षा म्हणजे दहा मिनिटं सलग व्हिडिओ काढायचा, थांबवल्या थांबवल्या कॅमेरा बंद करायचा आणि पुन्हा उघडायचा. तापलेल्या फोनचं खरं रूप त्या दोन-तीन सेकंदांत दिसतं.

नावावरूनही जाऊ नका. २०२० चा गॅलक्सी एस२० काही देशांत एक्झिनॉस ९९० या चिपवर चालायचा, काही देशांत स्नॅपड्रॅगन ८६५ वर. नाव एक, खोका एक, फोन दोन. दूरदेशीचा रिव्ह्यू बघताना त्यातली चिप तीच आहे का, हे तपासायलाच हवं. चिप किती बारीक घडवली हे सांगणाऱ्या नॅनोमीटरच्या आकड्यावरही विसंबू नका. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ आणि ८ प्लस जेन १ या दोन्ही चिप ४ नॅनोमीटरच्याच, पण पहिली सॅमसंगच्या कारखान्यातली, दुसरी टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या. दुसरी बरीच थंड निघाली.

रॅम म्हणजे चालू अॅप धरून ठेवणारी मेमरी. तिच्यात जाहिरातीतली वाढीव आभासी रॅम मोजणीत धरू नका. ती स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा आहे आणि खऱ्या रॅमपेक्षा खूप हळू चालते. स्टोरेज किती हे बघताना कुठल्या जातीचं हेही बघा. हळू चालणारं ईएमएमसी आणि वेगवान यूएफएस यांतला फरक वर्षभराने फोन भरत आला की जाणवतो.

फोटो ज्या फोनने काढला त्याच फोनवर बघणं

ही माझी दुसरी दुखरी नस. दोघं जण फोन शेजारी धरतात, एकाच झाडाचा फोटो काढतात, दोन्ही पडद्यांकडे बघतात आणि म्हणतात, "याचा कॅमेरा भारी." अहो, भारी तो पडदा आहे! ज्याचा ब्राइटनेस जास्त, ज्याचे रंग भडक मोडवर ठेवलेले, त्याचा फोटो उजवा वाटणारच.

मी मूळ फोटो केबलने कॉम्प्युटरवर घेते. व्हॉट्सअॅपवरून साधा फोटो म्हणून पाठवत नाही, त्यात तो दाबला जाऊन बारीक तपशील जातो. फाइलला क आणि ख अशी नावं देते आणि ज्याला फोन घ्यायचा आहे त्याला दाखवते. कुठला फोटो कुठल्या फोनचा हे शेवटपर्यंत सांगत नाही. आवडत्या कंपनीचं नाव डोळ्यांआड झालं की माणसं फार वेगळं निवडतात.

भर उन्हातल्या फोटोंवर वेळ घालवू नका, उन्हात बहुतेक फोन चांगलेच फोटो काढतात. संध्याकाळी घरात एकच दिवा लावा आणि हलणाऱ्या माणसाचे फोटो घ्या. लहान मूल मिळालं तर उत्तम, ते स्थिर बसतच नाही. दोन्ही फोनांनी प्रत्येकी दहा फोटो काढायचे आणि त्यातले चेहरा स्पष्ट आलेले किती ते मोजायचे. सर्वांत सुंदर एक फोटो निवडून तुलना करायची नाही. रोजच्या आयुष्यात आपल्याला एकच संधी मिळते, त्यामुळे दहापैकी किती जमले हेच महत्त्वाचं. आणि आधी दोन्ही लेन्स पुसा. हे सांगावं लागतं याचं मला अजून वाईट वाटतं.

मेगापिक्सेलचं म्हणाल तर आयफोनचा मुख्य कॅमेरा २०१५ च्या ६एस पासून २०२१ च्या १३ पर्यंत १२ मेगापिक्सेलचाच होता आणि दर वर्षी फोटो सुधारत गेले. १०८ मेगापिक्सेलचे बरेच सेन्सर (प्रकाश टिपणारी पट्टी) नेहमीच्या मोडमध्ये नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात. सेन्सर केवढा आहे ते विचारा. दोन मेगापिक्सेलचे मॅक्रो (अगदी जवळून काढायचा) आणि डेप्थ (मागचा भाग धूसर करायला अंतर मोजणारा) हे मी कॅमेऱ्यांच्या संख्येत धरतच नाही.

एकेका ओळीत

आयपी६८ हा पाणी-धुळीपासून बचावाचा दर्जा ही गोड्या पाण्यातली चाचणी आहे, समुद्राची किंवा साबणाच्या पाण्याची नाही.

दुकानात मांडलेल्या फोनवर तुमची अॅप नसतात, बहुधा सिमही नसतं. तिथल्या झपाझप उघडण्यावरून वेग ठरवू नका.

अपडेटची वर्षं फोन बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. गूगलच्या पिक्सेल ८ फोनला सात वर्षं मिळणार, पण ती ऑक्टोबर २०२३ पासून. दोन वर्षांनी घेणाऱ्याच्या हाती पाचच उरतात.

आणि नव्या फोनची तुलना थकलेल्या बॅटरीच्या जुन्या फोनशी करू नका. बॅटरी झिजली की काही फोन अचानक बंद पडू नयेत म्हणून स्वतःच वेग कमी करतात. अॅपलने जुन्या आयफोनांबाबत हे डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं आणि पुढच्या वर्षी सेटिंगमध्ये बॅटरीची तब्येत दाखवायला सुरुवात केली. तिथला आकडा ऐंशीच्या खाली असेल तर आधी बॅटरी बदला आणि आठवडाभर वापरा. दोन नव्या फोनांच्या तुलनेत हा तिसरा उमेदवारही असू द्या. माझ्या बहिणीच्या त्या मोठ्या फोननंतरच्या फोनचं आम्ही असंच केलं, आणि तो अजून तिच्याच हातात आहे. ६९ मिलिमीटर रुंद, पुठ्ठा कापून निवडलेला.