इंटिरियरचा छोटा व्यवसाय वर्षानुवर्षे कसा वाढवावा

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर किंवा नवी मुंबईत खारघर, उलवे या भागांत नव्या इमारतीचा ताबा मिळू लागला, की एकाच विंगमध्ये एकाखाली एक सारख्या नकाशाची घरे उघडतात, आणि त्यांपैकी एका घराचे काम मनासारखे झाले तर वरचे-खालचे शेजारी ते पाहायला आपणहून येतात. लहान इंटिरियर व्यवसाय मुख्यतः असाच वाढतो, हे माझे ठाण्यातील अनेक वर्षांच्या कामानंतरचे ठाम मत आहे. म्हणून पहिली दोन-तीन वर्षे एक साइट ऐरोलीला आणि दुसरी बदलापूरला अशी धावपळ करू नये. ज्या पट्ट्यात रोज फेरी मारता येईल, तोच निवडावा. साइटवर विचारायला कोणी नसले, की सुतार स्वतःच्या समजुतीने काम पुढे नेतो आणि ते उलगडून पुन्हा करायला मोठा खर्च येतो. नकाशा सारखा आहे म्हणून मागच्या घराची मापे मात्र कधीही वापरू नयेत, कारण प्लास्टरच्या जाडीमुळे ओट्याच्या भिंतीत अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज निघतो.

ग्राहकाशी होणारे बहुतेक वाद कोटेशनमध्येच पेरलेले असतात. ‘वॉर्डरोब, प्लायवूडमध्ये, अमुक रुपये’ एवढ्यावर भागवू नये. ओल्या जागेसाठी आयएस (भारतीय मानक) ७१० दर्जाचे मरीन प्लाय की आयएस ३०३ दर्जाचे साधे प्लाय, त्याची जाडी किती, लॅमिनेट १ मिलिमीटरचे की त्याहून पातळ, बिजागऱ्या कोणत्या कंपनीच्या, हे सर्व लिहावे. आणि चौरस फुटाचा दर समोरच्या दर्शनी भागाच्या उंची-रुंदीवर धरला आहे की आतल्या कप्प्यांसह, हेही स्पष्ट करावे, कारण बिलाच्या दिवशी टेप घेऊन उभ्या राहिलेल्या ग्राहकाला हा फरक समजावणे फार जड जाते. माल उतरला की शीटवरील आयएसआय चिन्हाखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासून घ्यावा. छापील चिन्हावर विसंबून मी एकदा फसलो आहे आणि तीन कपाटांचा खर्च स्वतः सोसला आहे.

पैशांच्या बाबतीत एकच नियम कडकपणे पाळावा: प्रत्येक साइटचा हिशेब वेगळा. नव्या घराची आगाऊ रक्कम आली, की जुन्या साइटच्या सुताराची थकलेली मजुरी त्यातून भागवण्याचा मोह होतो, आणि याची टोपी त्याला घालण्याची ही सवय नवी कामे येत आहेत तोवर लपून राहते. पितृपक्षात किंवा भर पावसाळ्यात नवी कामे थांबली, की एकाच वेळी दोन-तीन साइट अडकतात. या व्यवसायातील चांगली, हुशार माणसे मी कामाअभावी नव्हे, तर याच कारणाने बुडालेली पाहिली आहेत. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधावेत, म्हणजे माल मागवण्यापूर्वी एक, कपाटांचे सांगाडे उभे राहिल्यावर दुसरा, लॅमिनेट लागल्यावर तिसरा आणि अगदी लहान रक्कम किल्ली दिल्यानंतर. कारागिरांची आठवड्याची खर्ची (खर्चासाठीची उचल) मात्र ग्राहकाचा हप्ता लांबला तरी ठरल्या दिवशी द्यावी. वेळेवर खर्ची देणाऱ्याकडे चांगला सुतार दहा-दहा वर्षे टिकतो, आणि असा सुतार हेच या धंद्याचे खरे भांडवल असते.

कामाचे वर्ष सणांवर चालते. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, दिवाळी या मुहूर्तांना प्रवेश करण्याची घाई प्रत्येक घराला असते, तर अनेक कारागीर होळीला आणि मे महिन्यात गावी जातात. पावसाळ्यात हवेतील ओलाव्यामुळे पॉलिशवर पांढरट झाक येते. शिवाय बहुतेक सोसायट्या रविवारी आणि दुपारच्या विश्रांतीच्या वेळी ठोकाठोक करू देत नाहीत. हे सर्व दिवस वजा करूनच तारीख सांगावी. एका दिवाळीला मी पाच घरांना एकच तारीख दिली होती आणि नेरूळच्या एका कुटुंबाने लक्ष्मीपूजन दारे नसलेल्या स्वयंपाकघरात केले. तेव्हापासून प्रत्येक सुपरवायझरमागे तीनच साइट, हे प्रमाण मी मोडलेले नाही. पहिला पगारी माणूसही ड्रॉइंग काढणारा नसावा, साइट सांभाळणारा असावा.

कायद्याच्या बाबी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रात सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या पुढे गेली, की जीएसटी नोंदणी करावी लागते. माल आपल्या बिलात घेतला तर त्याची रक्कमही उलाढालीत धरली जाते, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते. वागळे इस्टेट किंवा महापे येथील कार्यालयांची कामे घेणार असाल, तर उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) आधीच करावी. ती विनामूल्य आहे आणि तिच्या आधारे लहान उद्योगाला करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मागता येतात. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसेल, तर पाटीवर ‘आर्किटेक्ट’ लिहू नये. १९७२ चा कायदा ती मुभा देत नाही. नव्या घरात तोडफोड करण्यापूर्वी तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण ताब्यापासून पाच वर्षे बांधकामातील दोष दुरुस्त करण्याची जबाबदारी रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याने बिल्डरवर आहे आणि पुढे गळती निघाली, तर बोट प्रथम आपल्याकडे वळते.

किल्ली दिल्यानंतरच्या भेटी मी सर्वांत महत्त्वाच्या मानतो. वाशीच्या एका घरी दोन वर्षांनी गेलो असता सिंकखालच्या कपाटाचा तळ फुगून पापडासारखा उकललेला दिसला. पाइपच्या सांध्यातून थेंबथेंब पाणी झिरपत होते आणि प्लायची कापलेली कड आम्ही बंद केलेली नव्हती. घरातील काकूंनी तक्रार केली नव्हती. त्यांनी खाली वर्तमानपत्र अंथरले होते. तो तळ आम्ही स्वखर्चाने बदलला, आणि आता प्रत्येक स्वयंपाकघरात सिंकखाली प्लायचा तळ न देता कडप्पाच बसवतो. त्याच काकूंच्या सांगण्यावरून त्यांच्या इमारतीतील आणखी दोन स्वयंपाकघरांची कामे आम्हाला मिळाली.

पहिली भेट पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरमध्ये ठेवावी, कारण फुगलेली दारे आणि खाडीच्या खाऱ्या हवेने गंजलेले स्क्रू तेव्हाच दिसतात. सोबत स्क्रू-ड्रायव्हर, दोन बिजागऱ्या, सिलिकॉनची नळी आणि त्या घराची वही न्यावी. जे बिघडले असेल ते तारखेसह वहीत लिहावे आणि पुढचे कोटेशन तयार करताना ती वही समोर उघडी ठेवावी.