बूटेबल पेनड्राइव्ह: सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वीची तयारी

बूटेबल पेनड्राइव्ह, म्हणजे ज्यावरून संगणक सुरू करून विंडोज किंवा लिनक्स बसवता येते असा पेनड्राइव्ह, बनवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी पैसे भरण्यापूर्वी आपल्याला नेमके काय करायचे आहे, हे एका वाक्यात लिहून काढावे. विंडोज किंवा लिनक्स एकदाच बसवायचे असेल, तर विकत घेण्यासारखे फारसे काही उरत नाही. विंडोजवर चालणारे रुफस मोफत आणि मुक्तस्रोत आहे, मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूलही मोफतच मिळते, आणि लिनक्सच्या आयएसओसाठी (आयएसओ म्हणजे संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) बॅलेना एचर पुरेसे आहे. विंडोजच्या आयएसओसाठी मात्र एचर वापरू नये.

त्यानंतर ज्या संगणकावर पेनड्राइव्ह लावायचा, तो यूईएफआयवर चालतो की जुन्या बायोसवर (दोन्ही संगणक सुरू करणाऱ्या अंगभूत प्रणाली), हे पाहून ठेवावे. विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये ‘बायोस मोड’ या ओळीत ते दिसते. यूईएफआय फॅट३२ ही फाइली साठवण्याची पद्धत हमखास वाचते, पण फॅट३२वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजच्या आयएसओमधील ‘इन्स्टॉल डॉट विम’ ही फाइल बरेचदा त्याहून मोठी असते. रुफस अशा वेळी पेनड्राइव्ह एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतीत फॉरमॅट करून सोबत एक छोटा बूटलोडर (संगणक सुरू करून देणारा प्रोग्राम) ठेवते. घेऊ पाहत असलेले सॉफ्टवेअर ही अडचण कशी सोडवते, हे त्याच्या माहितीपानावर शोधावे; ते सापडले नाही, तर किंमत कितीही असो, मी ते घेणार नाही.

एकाच पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ हवे असतील, तर व्हेंटॉय पाहावे. तेही मोफत आहे, आणि एकदा बसवले की आयएसओ फाइली नुसत्या कॉपी कराव्या लागतात. सिक्युअर बूट (विश्वासू प्रोग्रामवरूनच संगणक सुरू होऊ देणारी सुरक्षा) चालू असल्यास पहिल्या वेळी व्हेंटॉयची ‘की’ संगणकात नोंदवावी लागू शकते.

सशुल्क सॉफ्टवेअरला अर्थ आहे तो आयएसओ उघडून त्यात बदल करायचे असतील किंवा कार्यालयासाठी अधिकृत साहाय्य हवे असेल तेव्हा. पॉवरआयएसओ या अशा सशुल्क सॉफ्टवेअरची नोंदणी न केलेली आवृत्ती ३०० एमबीपेक्षा मोठी आयएसओसारखी डिस्क-प्रतिमा तयार किंवा संपादित करू देत नाही, त्यामुळे अशा चाचणी आवृत्तीवरून प्रत्यक्ष कामाचा अंदाज बांधू नये. परवाना किती संगणकांसाठी आहे आणि शुल्क एकदाच आहे की दरवर्षी, हेही तपासावे. आणि या पैशांत विंडोजचा परवाना येत नाही. तो वेगळाच असतो.

सॉफ्टवेअर मूळ संकेतस्थळावरूनच उतरवावे, कारण शोधनिकालांत वर दिसणाऱ्या जाहिराती भलतीकडेच नेऊ शकतात. प्रकाशकाने आयएसओची एसएचए-२५६ चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का, हे ओळखण्याचा संकेतांक) दिली असेल, तर उतरवलेल्या फाइलच्या चेकसमशी ती ताडून पाहावी.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्यावा. त्यावरील सर्व मजकूर पुसला जाणार असल्याने आधी प्रत काढावी आणि चुकीचे ड्राइव्ह निवडले जाऊ नये म्हणून इतर बाह्य डिस्क काढून ठेवाव्यात. बिटलॉकर (विंडोजमधील डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर सिक्युअर बूटच्या सेटिंगला हात लावण्यापूर्वी त्याची रिकव्हरी की दुसऱ्या ठिकाणी लिहून ठेवावी.