उतारवयात रोजच्या आहारात फळे कशी घ्यावीत

वय वाढते तशी उष्मांकांची गरज घटते, पण जीवनसत्त्वे, खनिजे आणि तंतुमय पदार्थ यांची गरज त्या प्रमाणात घटत नाही. म्हणून थोड्या खाण्यातून अधिक पोषण देणारी फळे या वयात विशेष उपयोगी ठरतात.

फळे निवडण्यापूर्वी आपल्या औषधांची यादी पाहावी. ग्रेपफ्रूट (द्राक्ष नव्हे, संत्र्याच्या जातीचे मोठे, कडवट फळ) यातील काही घटक आतड्यात औषधाचे विघटन करणाऱ्या विकराला (एन्झाइमला) अडवतात, त्यामुळे सिमव्हास्टॅटिन, अटोर्व्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी) किंवा फेलोडिपिन (रक्तदाबाचे) यांसारख्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढू शकते. गोळी सकाळी आणि फळ संध्याकाळी घेतल्यानेही हा धोका टळत नाही. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असेल, किंवा रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन अशी पोटॅशियम वाढवणारी औषधे सुरू असतील, तर पोटॅशियम भरपूर असलेली केळी, संत्री आणि सुका जर्दाळू किती खावा हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी स्टारफ्रूट (कमरख) तर मुळीच खाऊ नये.

यानंतर प्रमाण ठरवावे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी फळे आणि भाज्या मिळून दिवसाला किमान 400 ग्रॅम सुचवते. त्यात बटाट्यासारखे पिष्टमय कंद धरलेले नाहीत. आजवर फळे फारशी खाल्ली नसतील, तर रोज एका फळापासून सुरुवात करून हळूहळू वाढ करावी, अन्यथा पोट फुगते. या वयात तहान कमी जाणवत असल्याने पाणी आठवणीने प्यावे. ते अपुरे पडले, तर तंतुमय पदार्थांनी बद्धकोष्ठता उलट वाढू शकते.

चावता येत नाही म्हणून घरचे लोक मायेने रस काढून देतात, पण गाळलेल्या रसात तंतू जवळजवळ उरत नाहीत आणि साखर लवकर रक्तात उतरते. त्यापेक्षा सफरचंद किसावे, पेअर वाफवावे, किंवा पिकलेली पपई आणि केळे कुस्करून द्यावे. घशात अडकू नयेत म्हणून द्राक्षे उभी चिरावीत. खाताना वारंवार ठसका लागत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्यावी. मधुमेहातही फळे सहसा वर्ज्य नसतात. मात्र एका वेळी थोडे आणि अख्खे फळ खावे.

साल काढायची असली तरी फळ आधी वाहत्या पाण्याखाली धुवावे, कारण सालीवरचे जंतू सुरीबरोबर आत जातात. चिरलेले फळ दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावे.