क्रोशाचा गोड सांगाडा विणताना या चुका टाळा

अस्वल विणताना चूक झाली तर ती खपून जाते. मऊ तपकिरी लोकर, गुबगुबीत पोट, एखादा टाका सुटला तरी अस्वल गोडच दिसतं. सांगाडा मात्र काहीच झाकत नाही. रंग दोनच, काळा आणि पांढरा. हातपाय काडीसारखे. बरगडी तिरकी गेली की लगेच दिसते, डोळा एक टाका वर गेला की चेहराच बदलतो. हॅलोविनसाठी, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या आत, एक छोटासा सांगाडा विणायचा म्हणून लोक उत्साहाने बसतात आणि कवटी झाली की अडकतात. मीही अशीच अडकले होते.

इथे मी नेहमीची रचना धरली आहे: पांढरी कवटी, काळं धड, त्यावर पांढऱ्या बरगड्या आणि बारीक पांढरे हातपाय. सगळं मुक्या खांबाचं (हा क्रोशाचा बुटका, घट्ट टाका), गोल गोल फेऱ्यांत विणलेलं. हा अमिगुरुमीचा प्रकार. जपानीत ‘अमी’ म्हणजे विणलेलं आणि ‘नुइगुरुमी’ म्हणजे आत काहीतरी भरलेली बाहुली.

सुरुवातीलाच एक घोळ होतो, तो पॅटर्न वाचताना. अमेरिकन पॅटर्नमधला सिंगल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब. ब्रिटिश पॅटर्नमध्ये त्याच टाक्याला डबल क्रोशे म्हणतात. ब्रिटिश पॅटर्न हातात घेऊन कोणी उंच खांब विणत बसलं, तर कवटी दुधी भोपळ्यासारखी लांबते आणि दर टाक्यातून आत भरलेला कापसासारखा फायबर डोकावतो. पॅटर्नमध्ये कुठे ‘सिंगल क्रोशे’ लिहिलेलं आहे का ते आधी शोधा. सापडलं तर तो अमेरिकन, कारण ब्रिटिश पद्धतीत हे नावच नाही.

दुसरा घोळ सुईचा, म्हणजे क्रोशाच्या हूकचा. लोकरीच्या लेबलवर जी सुई सांगितलेली असते ती स्वेटर-शालीसाठी असते, कापड सैल आणि मऊ पडावं म्हणून. बाहुलीला घट्ट कापड लागतं. लेबलवर 4 मिमी असेल तर मी 2.5 किंवा 3 मिमीची सुई घेते. बोटं दुखतात, पण काळ्या धडातून पांढरा फायबर दिसत नाही. एवढं करूनही दिसत असेल तर धड उसवू नका. जुन्या काळ्या मोज्याचा तुकडा कापून त्याची पिशवी करा, ती धडात सारा आणि फायबर त्या पिशवीत भरा. भोकं तिथेच असतात, पण त्यांच्यामागे काळं दिसतं.

पांढरे भाग आधी विणा, काळे नंतर. उलटं केलंत तर काळ्या लोकरीची कुसं बोटांवरून, मांडीवरून पांढऱ्या कवटीवर जाऊन बसतात आणि टाक्यांत अशी अडकतात की चिमट्याने काढावी लागतात. काळं विणताना मांडीवर पांढरा टॉवेल घ्या आणि दिवसाउजेडी बसा. काळ्या लोकरीचे टाके रात्री दिसत नाहीत, अंदाजाने मोजले जातात, आणि अंदाजाने मोजलेल्या धडाला कंबर एका बाजूलाच येते.

कवटी साधारण अशी जाते: मॅजिक रिंगमध्ये (ओढून घट्ट करता येणाऱ्या दोऱ्याच्या फासात) 6 टाके, मग दर फेरीत 6 वाढवत 12, 18, 24, 30, 36. मग वाढ न करता 8 फेऱ्या आणि त्यानंतर घट, म्हणजे टाके कमी करत जाणं: 30, 24, 18. इथे तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, रिंगचं भोक. आज घट्ट दिसतं, फायबर भरल्यावर उघडतं आणि टाळूला खिडकी पडते. शेपटीचा, म्हणजे सुरुवातीला मोकळा सोडलेला दोरा निदान 15 सेंमी ठेवा. रिंग ओढून झाली की तो शिवायच्या बोथट सुईत ओवून रिंगभोवती एकदा त्याच दिशेने आणि मग उलट्या दिशेने फिरवा. एकाच दिशेने फिरवलेला दोरा सरकतो.

दुसरी, उलटसुलट. सुरुवातीच्या पाच-सहा फेऱ्यांत कापड आपोआप वाटीसारखं वळतं आणि बऱ्याचदा उलटी बाजू बाहेर येते. सुलट बाजूला छोट्या ‘व्ही’च्या ओळी दिसतात, उलट बाजूला आडव्या दांड्या. दांड्या बाहेर दिसल्या तर वाटी पलटा आणि पुढचं तसंच विणा. 36 टाक्यांपर्यंत हे एका झटक्यात होतं, तोंड 18 वर आल्यावर कवटी पलटणं म्हणजे मोजा धुऊन वाळवून पुन्हा पाय घालण्याइतकी कसरत.

तिसरी, घटीची भोकं. दोन टाके नेहमीच्या पद्धतीने एकत्र घेतले की शेजारी बारीक फट राहते, आणि पांढऱ्या कवटीच्या हनुवटीखाली ती सावलीसारखी दिसते. दोन्ही टाक्यांचे फक्त पुढचे फास सुईवर घ्या, एक वेढा घेऊन त्या दोघांतून ओढा आणि मग मुका खांब पुरा करा. ही घट शोधूनही सापडत नाही.

आता डोळे. माझ्या मते सांगाडा गोड दिसतो की भेसूर, हे इथेच ठरतं. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण उंचीच्या सुमारे पाव भाग असतं आणि चेहरा डोक्याच्या खालच्या भागात गोळा झालेला असतो. वर भलंमोठं कपाळ, खाली एकमेकांपासून लांब असलेले डोळे. आपल्या मनात ‘गोड’ची मोजपट्टी हीच आहे. नवशिके डोळे कवटीच्या मधोमध, एकमेकांजवळ लावतात आणि मग बाहुली हिशेब तपासणाऱ्या माणसासारखी रोखून बघते. वर सांगितलेल्या कवटीत डोळे 11 व्या आणि 12 व्या फेरीच्या मध्ये, दोघांत 6 ते 7 टाके सोडून बसवा. नाक लगेच खाली, उलट्या बदामाचं किंवा छोट्या त्रिकोणाचं. तोंडासाठी 14 व्या फेरीवर एक आडवी रेघ आणि तिच्यावर तीन बारीक उभे टाके. पाच-सहा घातलेत की दात दिसायला लागतात आणि गोडवा संपतो.

सेफ्टी आय, म्हणजे आतून वॉशर दाबून बसवायचे प्लास्टिकचे डोळे, वापरत असाल तर घाई करू नका. वॉशर एकदा दाबून बसला की निघत नाही, तो बनवलेलाच तसा असतो. दोन्ही डोळे नुसते खोचा, कवटीत थोडा फायबर भरा आणि तिला आरशासमोर धरा. आरशातलं उलटं चित्र एका डोळ्याचा वर गेलेला अर्धा टाका लगेच दाखवतं. फोनने काढलेला फोटोही चालतो. मन भरलं की फायबर काढून वॉशर लावा, आणि हे सगळं कवटीचं तोंड उघडं असतानाच. वॉशर लावून बसल्यावर चूक दिसली तर आतल्या बाजूने डोळ्याची दांडी पक्कडीने कापावी लागते. तो डोळा गेला, पण विणकाम वाचतं. बाहुली तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात जाणार असेल तर प्लास्टिकचे डोळे आणि बटणं लावूच नका, काळ्या दोऱ्याने डोळे भरा. ‘सेफ्टी’ हा शब्द डोळा सहजी निघत नाही एवढंच सांगतो, मूल कापड ओढून फाडणार नाही याची हमी तो देत नाही.

मग बरगड्या. माझ्या पहिल्या सांगाड्याचा कणा मी धड विणता विणताच पांढऱ्या लोकरीने घातला, दर फेरीत त्याच टाक्यावर रंग बदलून. दहाव्या फेरीला बघते तर कणा तिरपा! मोजणी बरोबर होती. गोल विणलेल्या मुक्या खांबात प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या डोक्यावर नेमका बसत नाही, जरासा बाजूला सरकतो. उजव्या हाताने विणणाऱ्यांचा उजवीकडे, डावखुऱ्यांचा डावीकडे. एका फेरीत हे कळत नाही, दहा फेऱ्यांत कण्याला बाक येतो. सुईवर वेढा वरून घेण्याऐवजी दोरा सुईखालून ओढून घेतला तर टाका ‘व्ही’ऐवजी ‘एक्स’सारखा दिसतो, घट्ट होतो आणि कमी सरकतो. पण मग ती पद्धत सगळ्या बाहुलीला ठेवावी लागते, नाहीतर दोन पोत दिसतात. शिवाय पांढरा दोरा नसलेल्या जागी आतून ओढत नेला की तो काळ्यातून डोकावतो, ते वेगळंच.

म्हणून धड पूर्ण काळं विणा आणि हाडं नंतर वरून भरतकामाने काढा. इथेही एक गोची आहे. रिकाम्या धडावर बरगडी भरली तर ती छान दिसते, पण फायबर गेल्यावर कापड ताणतं, बरगडीचा टाका ताणत नाही आणि कापडाला चुण्या पडतात. त्यामुळे धड आधी भरा, मग बरगड्या घाला. बोथट सुईत पांढरा दोरा घ्या आणि सुई काखेत, जिथे पुढे हात शिवायचा आहे, तिथून आत घाला. गाठही तिथेच ठेवा. हात बसला की गाठ त्याच्याखाली जाते. साखळी टाका सैल हाताने घाला. माणसाला बरगड्यांच्या 12 जोड्या असतात, बाहुलीला 3 पुरतात, चार झाल्या की झेब्रा होतो. वरची बरगडी सगळ्यात लांब, खालची आखूड, आणि टोकं किंचित खाली वळवलेली. आधी टाचण्या लावून रेघ आखून घेतलीत तर डावी-उजवी जुळते.

टाके सरकण्याचा आणखी एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. फेरीची सुरुवात दाखवणारी खुणेची पिनही त्यांच्याबरोबर सरकते. कवटीवर ती पाठीमागे होती म्हणून धडावरही पाठीमागेच असेल, असं धरून हात लावले की एक हात छातीवर येतो. हातपाय लावताना पिनेकडे बघू नका. चेहरा समोर धरून चारही अवयव टाचण्यांनी टोचा, बाहुली बसवून बघा आणि मगच शिवा.

हातपायांची कथा थोडक्यात. सहा टाक्यांच्या नळीत बोट जात नाही, त्यामुळे लोक ती पूर्ण विणून मग भरायला जातात आणि हाडांची काडं करून घेतात. दर चार-पाच फेऱ्यांनी चिमूटभर फायबर सुईच्या मागच्या टोकाने ढकला, किंवा हात भरूच नका, घट्ट विणीची नळी रिकामीही उभी राहते. दोन्ही हात एकाच बैठकीत विणा. आज विणलेला हात आणि तीन दिवसांनी विणलेला हात, फेऱ्या सारख्या असल्या तरी, लांबीला सारखे येत नाहीत, कारण दोरा ओढणारा हात रोज वेगळा असतो. कोपर आणि गुडघा हवा असेल तर मधोमध पांढरा दोरा दोन वेढे गुंडाळून आवळा, हाडाचा सांधा तयार.

डोकं डुलत असेल तर मान बारीक आहे. 36 टाक्यांचं डोकं 12 टाक्यांच्या मानेवर टिकत नाही, मान 18 ची ठेवा. फायबर मानेतून वर थोडा बाहेर येऊ द्या, म्हणजे तो डोक्यातही जाईल, आणि शिवताना दोन पूर्ण फेरे मारा. आत तार घालायचा सल्ला बरेच जण देतात. शोभेच्या बाहुलीला ठीक, मुलांच्या खेळण्यात नको, वाकवून वाकवून तार तुटते आणि टोक बाहेर येतं.

आणि धुणं. माझा तो तिरप्या कण्याचा सांगाडा शेवटी पूर्ण झाला, हातांवर पेनाचे डाग होते म्हणून मी त्याला कोमट पाण्यात बुडवलं. काळं धड रंग सोडणारं निघालं. कवटी, हात, बरगड्या, सगळं करडं. आता विणायच्या आधीच काळ्या लोकरीचा वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या रुमालात तासभर गुंडाळून ठेवते. रुमालावर डाग आला तर ती लोकर या कामाची नाही. तयार बाहुलीवर डाग पडलाच तर फक्त ती जागा गार पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपा, चोळू नका, आणि आतला फायबर पूर्ण वाळेपर्यंत कपाटात ठेवू नका.

तो करडा सांगाडा सुती दोऱ्याचा होता. कडक कोऱ्या चहात त्याला अर्धा तास बुडवून ठेवला, पिळून सावलीत वाळवला, तेव्हा करडेपणा जाऊन जुन्या हाडासारखा पिवळसर रंग आला. अॅक्रिलिक लोकरीवर हा उपाय चालत नाही, ती चहाचा रंग धरत नाही.